देश नंतर ठरवा, आधी अर्जदार ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ३९ वर्षांचे, मुंबई विद्यापीठाचे मेकॅनिकल इंजिनीअर, रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात चौदा वर्षे काम करत आहात. पत्नी ३४ वर्षांच्या, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या, नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात अकरा वर्षे नोकरीला आहेत. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा, घोडबंदर रोडवर हप्ते चालू असलेले घर आणि सोबत आई-वडील. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी यांपैकी सहकुटुंब जाण्याचा जमण्यासारखा मार्ग कोणता, आणि वाशीतला एक एजंट तुमच्या नावाने कॅनडाची फाइल करण्यासाठी आगाऊ चार लाख मागत आहे ते द्यावेत का, असे तुम्ही विचारले आहे. मी नौपाड्यात एका परवानाधारक सल्लागारांच्या कार्यालयात एकोणीस वर्षे अशा फाइली तयार करत आले आहे, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

चार लाख देऊ नका, आणि कोणत्याही देशाची फाइल तूर्त तुमच्या नावाने करू नका. मुख्य अर्जदार तुमच्या पत्नी असायला हव्यात.

आपल्याकडे फाइल म्हटली की ती घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावाने, असा एक न बोललेला नियम आहे. टेबलासमोर दोघेही बसतात, प्रश्न मी विचारते, उत्तरे नवरा देतो, आणि बाईंचे शिक्षण काय हा विषय निघायला वीस मिनिटे जातात. तुमच्या पत्रातही तुमच्याविषयी एक पूर्ण परिच्छेद आहे आणि त्यांच्याविषयी दीड ओळ. पण ज्या देशांची नावे तुम्ही घेतली आहेत त्यांपैकी प्रत्येक देशाला नर्स हव्या आहेत. चाळिशीला टेकलेला आणि फक्त इंग्रजी येणारा देखभाल अभियंता त्यांना तितकासा नको आहे. हे तुमच्या कामाचे मोल कमी लेखण्यासाठी म्हणत नाही, गुणांचा हिशेबच तसा आहे.

कॅनडाचा हिशेब मांडून दाखवते. २०१५ पासून तिथे एक्स्प्रेस एन्ट्री ही पद्धत आहे, तिच्यात १२०० पैकी गुण मिळतात आणि ठरावीक काळाने होणाऱ्या फेऱ्यांत वरच्या गुणांच्या लोकांना अर्जाचे आमंत्रण जाते. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला वयाचे जास्तीत जास्त १०० गुण असतात. एकोणतिशी उलटली की दर वाढदिवसाला पाच गुण कमी होतात, चाळिशीनंतर दहा, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी काहीच उरत नाही. तुम्ही मुख्य अर्जदार असाल तर वयाचे ५०, पदवीचे ११२, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्याला ८ आणि बाकी तिन्हींत ७ मिळाले असे धरून भाषेचे ११६, पदवी व कॅनडाबाहेरचा अनुभव भाषेशी जोडून मिळणारे ७५, आणि तितकेच इंग्रजी पत्नीचेही असेल तर त्यांच्या बाजूने २८, असे एकूण ३८१ होतात. तोच अर्ज पत्नीच्या नावाने, बाकी सर्व तसेच ठेवून केला तर वयाचे ७५ धरून ४०६ होतात. पंचवीस गुणांचा हा फरक निव्वळ वयाचा आहे, पण खरा फायदा त्याहून मोठा आहे. कॅनडाने २०२३ पासून ठरावीक व्यवसायांसाठी वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या, त्यांत आरोग्यसेवेचा गट आहे. सर्वसाधारण उमेदवाराला गेल्या दोन वर्षांत पाचशेच्या वर गुण लागत असताना २०२५ च्या ऑगस्टमधील आरोग्यसेवेची फेरी ४७० वर थांबली होती. तुमच्या ३८१ ला कोणतेच दार जवळ नाही; पत्नीच्या ४०६ ला एक दार ६४ गुणांवर आहे.

हे ६४ गुण कसे भरायचे? इंग्रजी आणखी एक पायरी वर नेले तर बारा गुण वाढतात, पण तेवढ्याने भागत नाही. फ्रेंच शिकून चारही कौशल्यांत बी-२, म्हणजे बऱ्यापैकी सफाईने बोलता-लिहिता येईल अशी, पातळी गाठली तर ६२ गुण मिळतात आणि एकूण ४६८ होतात. शिवाय फ्रेंच येणाऱ्यांच्या स्वतंत्र फेऱ्या २०२५ मध्ये मार्चला ३७९ वर, सप्टेंबरला ४४६ वर, ऑक्टोबरला ४३२ वर थांबल्या. पण पाळ्या सांभाळून, दोन मुलांचे डबे करून शून्यातून बी-२ गाठायला दीड ते दोन वर्षे नेटाने अभ्यास लागतो, आणि तेवढ्यात वयाचे दहा गुण जातात. फ्रेंचची मुळात आवड असेल तरच या वाटेला जावे. प्रांतांकडून नामांकन मिळाल्यास ६०० गुण एकदम वाढतात, हा तिसरा उपाय; मात्र कॅनडाने २०२५ साठी आधी ठरवलेली पाच लाखांची संख्या ३,९५,००० वर आणली आणि प्रांतांचा वाटाही कापला, त्यामुळे त्या वर्षी त्या रांगा लांबल्या. नोकरीच्या प्रस्तावाला मिळणारे गुण मार्च २०२५ मध्ये बंद झाले, हेही तुमच्या एजंटाला विचारून पाहा. 'जॉब ऑफर लावून देतो' असे तो अजून म्हणत असेल तर त्याची माहिती जुनी आहे किंवा हेतू खोटा आहे.

ऑस्ट्रेलियात चित्र बरे आहे. तिथे आमंत्रणाच्या दिवशी वय ४५ च्या आत असावे लागते, आणि किमान ६५ गुण लागतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. पत्नीचे वयाचे २५, पदवीचे १५, गेल्या दहा वर्षांत आठ वर्षांचा अनुभव मान्य झाला तर १५, आयईएलटीएसमध्ये सगळीकडे ७ असेल तर १०, आणि तुमच्या पदवी-अनुभवाला 'इंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया'ची मान्यता व सगळीकडे ६ इतके इंग्रजी असेल तर जोडीदाराचे १०, असे ७५ होतात. राज्याने नामांकन दिले तर ८०, ग्रामीण वा प्रादेशिक भागासाठीचा ४९१ क्रमांकाचा व्हिसा घेतला तर ९०. आमंत्रणे देताना अलीकडे नर्स आणि शिक्षक यांना इतरांपेक्षा कमी गुणांवर घेतले जात आहे. तुमच्या नावाने अर्ज केला तरी आजचे गुण ७५ च दिसतील, पण तुमचा चाळिसावा वाढदिवस झाला की त्यातले दहा त्या रात्रीत जातील. पत्नीचे वयाचे गुण चाळिशीपर्यंत हलत नाहीत. इथे अडचण गुणांची नाही, नोंदणीची आहे. भारतात शिकलेल्या नर्सला तिथे नोंदणीसाठी एनक्लेक्स-आरएन ही संगणकावरची परीक्षा आणि त्यानंतर अ‍ॅडलेडला जाऊन प्रत्यक्ष कौशल्याची ओएससीई परीक्षा द्यावी लागते. पहिली भारतात देता येते. दुसरीसाठी विमानाचे तिकीट, राहणे आणि दोन आठवड्यांची रजा धरावी लागते, तीही उत्तीर्ण होण्याची हमी नसताना.

तुम्ही नाव न घेतलेला एक देश मी यादीत वर ठेवेन, तो म्हणजे आयर्लंड. नर्सचा व्यवसाय तिथल्या क्रिटिकल स्किल्स, म्हणजे टंचाईच्या कौशल्यांसाठीच्या, नोकरी-परवान्याच्या यादीत आहे, आणि या परवान्यावर असणाऱ्यांच्या जोडीदाराला तिथे गेल्यावर वेगळा परवाना न काढता नोकरी करता येते. चाळिशीच्या इंजिनीअरला ही सवलत फार मोलाची आहे, कारण मग तुम्हाला तिथल्या नोकरीच्या बाजारात उमेदवार म्हणून उभे राहता येते. मालकाला तुमच्यासाठी परवान्याची खटपट करावी लागत नाही. साधारण दोन वर्षांनी परवान्याच्या बंधनातूनही सुटका होते. मात्र आयर्लंडच्या नर्सिंग मंडळाने कागदपत्रे तपासल्यावर बहुतेक भारतीय नर्सना तिथल्या रुग्णालयात काही आठवड्यांचा अनुकूलन काळ किंवा एक परीक्षा पूर्ण करावी लागते, आणि त्या काळातल्या परवानगीवर कुटुंब नेता येत नाही. म्हणजे पहिले काही महिने पत्नी एकट्या, आणि घोडबंदरला तुम्ही, मुले आणि आई-वडील. डब्लिनमधील घरभाडी आणि घरांची टंचाई पाहता हे सहा-आठ महिने वर्षापर्यंत लांबू शकतात. 'सहकुटुंब' या शब्दाचा अर्थ एकाच विमानातून असा धरला असेल तर तो आताच सोडून द्यावा. माझ्याकडून गेलेल्या ज्या कुटुंबांनी आधी एकाने जाऊन घर पाहिले, शाळेची चौकशी केली आणि मग बाकीच्यांना बोलावले, ती नीट बसली. चौघे एकदम उतरून महिनाभर हॉटेलात काढणारी दोन कुटुंबे वर्षाच्या आत ठाण्याला परतली.

जर्मनीचा विचार तुमच्या बाजूने करता येतो. अभियंत्यांचा व्यवसाय तिथे टंचाईच्या यादीत असल्यामुळे ब्लू कार्डासाठी, म्हणजे परदेशी पदवीधरांना तिथे राहून काम करण्याच्या परवान्यासाठी, २०२६ मध्ये वर्षाला सुमारे ४५,९३४ युरो पगाराचा करार पुरतो, इतरांना ५०,७०० लागतात. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला आधी जर्मन शिकून यावे लागत नाही आणि कामाची पूर्ण मुभा असते. बी-१ पातळीचे जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. पण कारखान्यातल्या देखभालीचे काम तिथे इंग्रजीवर सहसा मिळत नाही, कारण फिटर, इलेक्ट्रिशियन, सुरक्षा अधिकारी सगळे जर्मनमध्येच बोलतात. २०२४ च्या जूनपासून आलेल्या 'चान्सेनकार्टे'विषयी तुम्ही ऐकले असेल. ते वर्षभर नोकरी शोधण्याचे कार्ड आहे, कुटुंब नेण्याचे नव्हे, आणि त्या काळात आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. आणखी एक बाब तुमच्या मुलीची. बहुतेक जर्मन राज्यांत चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते. तुमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, तो वर्षभरात जर्मन बोलू लागेल. मुलगी मात्र नेमकी त्या वाटणीच्या वेळी भाषा न येता पोहोचेल. हे अशक्य नाही, पण तिच्या दोन वर्षांची किंमत त्यात आहे, आणि ती कोणत्याही गुणपत्रकात दिसत नाही.

बाकीच्या देशांचे थोडक्यात. ब्रिटनने कुशल कामगार व्हिसाची पगाराची मर्यादा जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांवर नेली आणि परदेशातून केअर वर्कर घेणे बंद केले. नोंदणीकृत नर्सना तो मार्ग अजून खुला आहे. अमेरिकेत भारतात जन्मलेल्यांसाठी नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की तुमची मुले त्यात २१ वर्षांची होऊन बाद होतील. आखाती देश पैसे साठवायला चांगले, कायमचे राहायला नव्हेत. आणि 'पत्नीला कोर्सला घालू, नवरा ओपन वर्क परमिटवर (कोणत्याही मालकाकडे काम करण्याच्या परवान्यावर) जाईल' ही मधल्या काळातली लोकप्रिय युक्ती कॅनडाने जानेवारी २०२५ मध्ये सोळा महिने वा अधिक काळाच्या मास्टर्स, डॉक्टरेट आणि काही निवडक व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती मर्यादित केली आहे. कोणी साध्या डिप्लोमावर ती सुचवली तर उठून यावे.

आता कागदपत्रे. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात जास्त फाइली इथेच अडतात. तुमच्या पत्नीची पदवी, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि पासपोर्ट एका रांगेत टेबलावर ठेवा आणि नाव अक्षर-अक्षर वाचा. पदवीवर माहेरचे आडनाव आणि मधे वडिलांचे नाव, पासपोर्टवर सासरचे आडनाव आणि मधे पतीचे नाव, कौन्सिलच्या दाखल्यावर यांपैकी अर्धे-अर्धे, असे निघण्याची शक्यता फार आहे. मराठी माणसाला यात काही वावगे दिसत नाही; डब्लिनच्या टेबलावरील कारकुनाला मात्र या तीन वेगवेगळ्या बायका दिसतात. विवाह नोंदणीचा दाखला, तोही महापालिकेचा, हा या तिघींना एक करणारा कागद आहे. लग्नाची नोंदणी तेव्हा राहिली असेल तर आधी ती करा, आणि नोंदणी कौन्सिलमध्ये नाव बदलून घ्यायचे असेल तर त्याचा अर्ज परदेशी पडताळणी मागवण्याच्या आधी द्या, नंतर नव्हे.

गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती म्हणजे ट्रान्सक्रिप्ट महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून, म्हणजे नाशिकहून आणाव्या लागतील. तुमच्या स्वतःच्या प्रती मुंबई विद्यापीठाकडून, म्हणजे कलिन्याहून. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडून, म्हणजे वर म्हटलेल्या नर्सिंग कौन्सिलकडून, जाणारी पडताळणी परिषदेनेच थेट परदेशी मंडळाला पाठवायची असते, तुमच्या हाती दिलेला लिफाफा तिथे चालत नाही. या तीन कामांना मी कोणालाही चार महिन्यांपेक्षा कमी सांगत नाही.

अनुभवाच्या पत्राबद्दल जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे एचआर 'यांनी अमुक ते तमुक काळात स्टाफ नर्स म्हणून काम केले, वर्तणूक चांगली' असे दोन ओळींचे पत्र देतो. त्याचा उपयोग नाही. पत्रावर पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार, आणि प्रत्यक्ष कामाचे वर्णन हवे: कोणत्या विभागात, किती खाटांवर, औषधे देणे, शस्त्रक्रियेनंतरची देखरेख, नोंदी ठेवणे, कनिष्ठांना शिकवणे. दोन बाळंतपणांच्या रजा पगारी होत्या की बिनपगारी, नोकरी मधे सोडली होती का, हेही त्यातून कळले पाहिजे, कारण आठ वर्षांचा अनुभव मोजताना तो काळ वजा होऊ शकतो. एचआर नकार देत असेल तर मेट्रनकडे जावे. ज्यांनी काम पाहिले आहे त्यांना ते लिहायला जड जात नाही. सोबत फॉर्म १६, भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक आणि पगाराच्या पावत्या जोडाव्यात. पत्रात फुगवून काही लिहू नका. खोटी माहिती सापडली तर कॅनडा पाच वर्षे आणि ऑस्ट्रेलिया तीन वर्षे दार बंद करतो, आणि ती नोंद पुढे प्रत्येक देशाच्या अर्जात सांगावी लागते.

इंग्रजीच्या परीक्षेत एक खाच आहे, आणि त्यात मी स्वतः एकदा चुकले आहे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीला आयईएलटीएसचा जनरल प्रकार लागतो. नर्सिंगच्या नोंदणीला अ‍ॅकॅडेमिक लागतो किंवा आरोग्य व्यवसायांसाठीची ओईटी चालते, जी कॅनडाच्या गुणांना चालत नाही. २०१४ मध्ये कळव्याच्या एका नर्सला मी जनरल द्यायला लावले, तिने उत्तम गुण आणले, आणि मग ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीसाठी तिला पुन्हा फी भरून बसावे लागले. तेवढ्यात रुग्णालयातल्या पाळ्या बदलल्या आणि दुसऱ्या वेळी लेखनात अर्धा गुण कमी पडला. तेव्हापासून आधी मंडळ, मग परीक्षा, हा क्रम मी मोडलेला नाही. तुमच्या पत्नींनी ओईटी द्यावी, कारण त्यातला लेखनाचा भाग रुग्णाच्या कागदांवरून पत्र लिहिण्याचा असतो आणि ते काम त्या रोज करतात.

पैशांचे म्हणाल तर कॅनडासाठी चौघांच्या कुटुंबाने जुलै २०२५ पासून २८,३६२ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, तेही स्वतःचे आणि कर्ज न काढलेले. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक मागतात, त्यामुळे मेव्हण्याकडून पंधरा दिवसांसाठी आणलेली रक्कम लगेच डोळ्यांत भरते. घराची किंमत यात धरत नाहीत. परदेशी पैसे पाठवताना शिक्षण व उपचार सोडून इतर कारणांसाठी वर्षाला दहा लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. घोडबंदरचे घर पहिली दोन वर्षे विकू नका. तुम्ही अनिवासी झाल्यावर विकले तर खरेदीदाराला बराच जास्त कर कापून घ्यावा लागतो, तेव्हा विकायचेच असेल तर निघण्यापूर्वी विका, नाहीतर भाड्याने देऊन हप्ता त्यातून जाऊ द्या. गावाकडे सातबारावर नाव असेल तर ती जमीन राहते. अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही.

आई-वडिलांविषयी तुम्ही पत्राच्या शेवटी एका वाक्यात विचारले आहे, पण माझ्या अनुभवात निर्णय बहुतेक वेळा याच मुद्द्यावर फिरतो. ऑस्ट्रेलियातील साध्या पालक व्हिसाची रांग दशकांची आहे आणि त्याहून लवकर मिळणारा प्रकार अत्यंत महाग आहे. कॅनडात पालकांच्या प्रायोजकत्वासाठी २०२० नंतर नवी नावे घेतलेली नाहीत. तिथे पालकांसाठीच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, आरोग्य विमा काढून. आयर्लंडला ते भेटीला येतील, राहायला नाही. तुमच्या बहिणी किंवा भाऊ ठाण्यात असतील तर त्यांच्याशी हे बोलणे पत्नीच्या परीक्षेआधी व्हावे, नंतर नव्हे.

राहिला एजंट. एक्स्प्रेस एन्ट्रीत नाव नोंदवायला कॅनडा सरकार एक पैसाही घेत नाही. एप्रिल २०२४ च्या दराने प्रौढाला १,५२५ आणि मुलाला २६० डॉलर ही फी आमंत्रण आल्यावरच भरायची असते. ३८१ गुणांवर आमंत्रण येणार नाही हे त्याला ठाऊक आहे. पैसे घेऊन कॅनडाचा सल्ला देणाऱ्या सल्लागाराचे नाव तिथल्या सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या (कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स) यादीत असावे लागते, ती यादी कोणालाही पाहता येते. ऑस्ट्रेलियाची नोंदणी भारतात बसून काम करणाऱ्याला सक्तीची नाही, म्हणून तिथे मुद्दाम नोंदणी असलेलाच शोधावा. परदेशातली नोकरी लावून देतो म्हणणारा असेल तर त्याचा क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत तपासा. नोंदणीकृत भरती एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

पुढच्या महिन्याभरात नाशिकचा ट्रान्सक्रिप्टचा अर्ज, परिचर्या परिषदेतली नावाची दुरुस्ती आणि ओईटीची तारीख एवढे मार्गी लावा. मुलांचे पासपोर्टही पाहून घ्या, कारण लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. मुलीचा पहिला पासपोर्ट तुम्ही ती लहान असताना काढला असेल तर त्याची मुदत संपलेली असेल, आणि वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात त्यासाठी आई-वडिलांपैकी एकाने तिला घेऊन जावे.